न्हाणीघरातली जबानी

आमच्या घराण्याने आजवर एकाच माणसाला अटक केली आहे. तो चोर नव्हता.

या अटकेला जबाबदार कोण, यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. आई म्हणायची बाबा. बाबा म्हणायचे मी. मी म्हणतो टीव्ही. (टीव्हीला बोलता येतं, पण नेमकं स्वतःच्या बाजूने बोलता येत नाही, म्हणून हा आरोप अजून टिकून आहे.)

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. चार पायांवर उभा, लाकडी शटरचा. पहिले काही दिवस बाबा त्याला उदबत्तीसुद्धा ओवाळत. दर बुधवारी त्यावर 'गाडी नंबर सात' नावाची हिंदी मालिका लागायची आणि आख्खी गल्ली आमच्या बैठकीत येऊन बसायची. मालिका होती शहरात जीपमधून गस्त घालणाऱ्या पोलिसांची. आता पोलिसांची मालिका म्हटल्यावर माणसाची अपेक्षा काय असते? चोराने पळावं, पोलिसाने धावावं, निदान एखादी शिट्टी तरी वाजावी! छे! या मालिकेत कोणी धावतच नसे. इन्स्पेक्टर मल्होत्रा साहेब जीपमध्ये बसून बाहेर बघत. मग एक सुस्कारा टाकत. मग गाडी चालवणारा शिपाई दुबे त्यांच्याकडे बघे. मग साहेब दुबेकडे बघत. तेवढ्यात शेवटच्या पाट्या यायच्या, आणि बायका डोळे पुसत चपला शोधायच्या.

चुकून एखादा चोर सापडलाच, तर त्याला मारणं नाही, बेड्या नाहीत, दरडावणंसुद्धा नाही. साहेब त्याला जीपमध्ये बसवत, चहा पाजत आणि आधी स्वतःचं दुःख सांगत. बायको माहेरी गेली, मुलगा बोलत नाही, बढती अडली. ते ऐकता ऐकता चोराला हुंदका फुटे आणि तो सगळे गुन्हे कबूल करे. (मला तर वाटे, तो बिचारा ते रडगाणं थांबावं म्हणून कबूल होत असेल. त्यापेक्षा तुरुंग बरा!) मला ती मालिका अजिबात बघवत नसे. आणि न बघवणारा एकही भाग मी चुकवला नाही.

बाबांचं तसं नव्हतं. ते नुकतेच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीतही ते आयुष्यभर खिडकीबाहेर बघून सुस्कारेच टाकत आले होते; त्या कामाला जगात एवढा मान असतो, हे त्यांना टीव्हीवर कळलं. मालिका सुरू झाली की ते खुर्चीत ताठ बसत आणि साहेबांच्या बरोबर सुस्कारे टाकत. कधीकधी साहेबांच्या आधीच!

गल्लीत फक्त एका माणसाने ही मालिका कधी पाहिली नाही. आमच्या शेजारचा सुधाकर. माझ्याच वयाचा, उंच, अबोल. उंचीमुळे त्याला दर बुधवारी आमच्या गच्चीवर अँटेना धरून उभं करत.

"आलं का गा?" तो वरून विचारी.

"आलं, आलं! हलू नको!"

"आता?"

"गेलं! अबे, शिंकला का काय तू?"

शेवटच्या पाट्या येईपर्यंत तो तसाच उभा राही. खाली उतरल्यावर बाबा त्याला म्हणत, "वा, काय भाग झाला आज!" तो म्हणे, "हाव काका," आणि घरी जाई. गड्याला चोर कोण आणि साहेब कोण हेसुद्धा ठाऊक नव्हतं. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही, तिथेच घोटाळा झाला.

त्याच उन्हाळ्यात आई माझ्या लग्नाच्या मागे लागली होती. माझी काही स्थळं आधी फिसकटली होती. मुलीकडचे लोक चहा पिऊन, पोह्यांची तारीफ करून जात, ते परत येतच नसत. आता रामटेकची कुंदा नावाची मुलगी सांगून आली होती. मी तिला तिथल्या एका लग्नात पाहिलं होतं. एका म्हाताऱ्याने पंगतीत तिसऱ्यांदा बुंदी मागितली तेव्हा ती म्हणाली होती, "आजोबा, वाढीन मी, पण आजीले विचारून घ्या!" आख्खी पंगत हसली. मला ती तेव्हाच आवडली. साधीसुधी नव्हे, जेवण विसरायला लावेल अशी आवडली. पुढच्या रविवारी रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठरणार होता. आईने मला बजावलं होतं, "पाहून घे दिलीप, हे स्थळ गेलं तर मी दुसरं पाहणार नाही. त्या दिवशी तोंड उघडू नको. जे विचारतील त्याचं मी सांगीन." माझी नोकरी, माझे केस आणि माझ्या सवयी या तिन्ही बाबतींत आईने मुलीकडे जे सांगितलं होतं, त्यात फक्त माझं नाव खरं होतं.

अशात गल्लीतल्या एका काकूंचं पाणी भरायचं पितळेचं गुंड चोरीला गेलं. भर दुपारी! नागपूरचा मे महिना. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. घराघरात खिडकीला कूलर लावून लोक झोपलेले, आणि कूलरचा आवाज असा की बाजूला बँड वाजला तरी कळू नये. बाबांच्या डोळ्यांत एकदम मल्होत्रा साहेब उभे राहिले.

"आपल्याले गस्त घालावी लागन," ते म्हणाले.

"पोलीस आहेत ना बाबा."

"पोलिसाले काय तेवढंच काम आहे? उद्यापासून दुपारची गस्त. मी, तू आणि सुधाकर."

"मी काहून?"

"गाडी तुझी आहे म्हणून."

गाडी म्हणजे माझी लुना! तिला बाबांनी त्याच दिवशी 'गाडी नंबर सात' असं नाव दिलं. तिच्यावर बाबा मागे बसले की ती चढावर नाही म्हणे, म्हणून मी आणि सुधाकर तिला ढकलत चालत असू आणि बाबा एकटे वर बसून डावी-उजवीकडे बघत असत. सरंजाम काय विचारता! प्रत्येकाच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा. बाबांच्या गळ्यात एका ड्रिल मास्तरांकडून आणलेली शिट्टी. सुधाकरच्या हातात मच्छरदाणीची काठी. माझ्या हातात टॉर्च. (भर दुपारी. विचारलं तर बाबा म्हणाले, "गस्तीत टॉर्च असतेच.") आणि तिघांच्याही डोक्या-तोंडाला दुपट्टे घट्ट गुंडाळलेले, फक्त डोळे उघडे. चोर शोधायला निघालेली ही तुकडी कोणी पाहिली असती तर त्याने आधी आम्हालाच धरलं असतं.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुलीकडचा एखादा वडीलधारा माणूस गुपचूप येऊन मुलाची चौकशी करून जातो. शेजारीपाजारी, पानठेल्यावर, किराणा दुकानात. मुलगा पितो का, खातो काय, घरात कोण कोणावर ओरडतं. या माणसाने आपण कोण हे कुणाला सांगायचं नसतं, नाहीतर चौकशीची चव जाते. सगळ्या जगाला ही रीत ठाऊक होती. आम्हालाही होती. पण डोक्यात मल्होत्रा साहेब शिरले की बाकीचं ज्ञान बाहेर पडतं.

गस्तीच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही गल्लीच्या टोकाला वळलो आणि बाबांनी हात वर केला. लुना थांबली. आमच्याच घराच्या कुंपणाशी, विटेवर चढून, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक जाडसर इसम आमच्या खिडकीतून आत डोकावून पाहत होता!

बाबांनी शिट्टी फुंकली. घामाने ओली झालेली शिट्टी वाजली नाही, नुसती थुंकली. पण त्या इसमाने वळून पाहिलं आणि तीन दुपट्टेवाले अंगावर येताना दिसताच तो विटेवरून खाली घसरला.

"कोण गा तू?" बाबा गरजले.

"म... मी पत्ता विचारून राहिलो होतो."

"खिडकीले? कोणाचा पत्ता?"

यावर तो गप्प! पत्ता सांगितला असता तर चौकशी उघडी पडली असती. बिचारा रीत पाळत होता. आम्हाला वाटलं, अट्टल आहे.

सुधाकरने काठी आडवी धरली आणि आम्ही त्याला घरात आणलं. आई आतल्या खोलीत कूलरसमोर गाढ झोपली होती. बैठकीत त्याला बसवायचं तर तिथे टीव्ही. चोराला टीव्ही दाखवणं बरोबर नाही, असं बाबांचं मत पडलं. शेवटी घरात सगळ्यात थंड जागा म्हणून आम्ही त्याला न्हाणीघरात नेलं. तो उलट्या बादलीवर. बाबा कपडे धुण्याच्या दगडावर. मी बंबाशेजारच्या पाटावर. सुधाकर दारात काठी घेऊन उभा.

मी म्हटलं, "तोंड उघड रे! कोण आहेस पाहू दे!"

बाबांनी मला हातानेच थांबवलं. "नाही. साहेब चोराचा दुपट्टा कधी ओढत नाहीत. थो आपल्या मनानं काढते." मग त्यांनी त्या इसमाकडे वळून एक लांब सुस्कारा टाकला. इसम बादलीवर दचकला.

"भाऊ," बाबा म्हणाले, "चोरी कोणी हौसेनं करत नाही. मले माहीत आहे. मीही दुःखी माणूस आहे." आणि त्यांनी आपली अडलेली बढती सांगायला सुरुवात केली. कोणत्या साहेबाने काय शेरा मारला, इथपर्यंत. ही बढती आम्ही घरात इतक्यांदा ऐकली होती की न्हाणीघराच्या भिंतींनाही पाठ झाली असेल. इसमाला हुंदका फुटेना. त्याने जांभई दिली.

"हे बरं नाही," बाबा माझ्या कानात कुजबुजले. "तू सांग. जवान माणसाचं दुःख लवकर लागते."

"काय सांगू?"

"जे खरं आहे थे! खोटं बोललास तर चोराले समजते."

वाचकहो, मी त्या मालिकेला महिनोन्‌महिने शिव्या घातल्या होत्या. पण तो दगड, ती बादली, तो गारवा, काय झालं कोण जाणे, माझ्या अंगात मल्होत्रा साहेब संचारले! मी बाहेर पाहायला खिडकी शोधली. न्हाणीघराला नव्हती, म्हणून नळाकडे पाहिलं. सुस्कारा टाकला. आणि म्हणालो, "भाऊ, माझं नाव दिलीप. मी या घरचा मुलगा."

दुपट्ट्यातले डोळे एकदम मोठे झाले. घाबरला, असं मला वाटलं. मी आणखी जोरात सुरू झालो.

"लोकाईले वाटते, माझी नोकरी पक्की आहे. कुठची पक्की भाऊ! मी रोजंदारीवर आहे. साहेबानं उद्या नको म्हटलं तर परवा घरी."

"असं?" इसम पहिल्यांदा बोलला. आवाजात माया होती. "मंग घरच्यांनी पक्की काहून सांगितली?"

"लग्नासाठी! आई सांगते."

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाझर फुटत होता!

"आणखी काय दुःख आहे बाबू?" इसम बादलीसकट पुढे सरकला.

मग मी दुपट्टा काढला आणि त्याला माझे केस दाखवले. ते डावीकडून उजवीकडे कसे ओढून आणावे लागतात आणि वारा आला की कसे परत जातात, हे प्रत्यक्ष करून दाखवलं. मॅट्रिकला गणितात दोनदा बसलो, ते सांगितलं. पानठेल्यामागे उभा राहून सिगारेट ओढतो आणि मग वेलदोडा खातो, ते सांगितलं. (हे बाबांनाही नवीन होतं. पण साहेबांच्या भूमिकेत असल्यामुळे त्यांना मला मारता येईना.) उलट त्यांनी भर घातली, "आणि घरात काडीची मदत करत नाही हा! कूलरात पाणी भर म्हटलं तर पाठ दुखते म्हणते."

"अरेरे," इसम म्हणाला. "आणि पितो-गितो का थोडंसं?"

"एकदाच, मित्राच्या वरातीत. घोडीसमोर झोपलो होतो."

इतकी मनापासून चौकशी माझी आजवर कोणी केली नव्हती. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "भाऊ, आता रामटेकची एक मुलगी सांगून आली आहे. कुंदा नाव. मले ती खूप आवडते. ती नाही म्हणाली तर मी काय करू, समजत नाही. पण तिचा एक मामा आहे म्हणतात. एकदम खडूस! त्याच्याच हातात सगळं आहे. त्याची भीती वाटते."

नळ ठिबकत होता. इसमाने खाली पाहिलं. बाबा मला खूण करत होते, आता कबूल होते पाहा, आता होते! आणि खरंच त्या इसमाने हळूच दुपट्टा सोडायला हात वर नेला.

तेवढ्यात कूलरातलं पाणी संपून उकाड्याने जागी झालेली आई डोळे चोळत आली. "काय चाललं आहे वं बाई न्हाणीघरात?" असं म्हणत तिने सुधाकरच्या काखेतून आत पाहिलं. दुपट्टा सुटला होता.

"अग्गो बाई! गुलाबराव?"

"नमस्कार वहिनी," कुंदाचे मामा बादलीवरून उठत म्हणाले. "झोपमोड झाली तुमची. मी इकडूनच जात होतो, तं या लोकाईनं बसवून घेतलं."

पुढचं मला धड आठवत नाही. आईने पन्हं केलं. ते मामा बैठकीत, टीव्हीसमोर बसून प्यायले. बाबा "गैरसमज झाला, गैरसमज झाला" म्हणत त्यांना पंख्याने वारा घालत होते. वर विजेचा पंखा फिरत होता तरीही. मी डोक्यावर हात धरून बसलो होतो, एक तर दुःखाने आणि दुसरं म्हणजे केस झाकायला. मामा जाताना फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन हलकं झालं ना बाबू?"

रविवार आला आणि गेला. बघण्याचा कार्यक्रम काही झाला नाही. मग एका संध्याकाळी मामा स्वतःच गल्लीत आले, या वेळी उघड्या तोंडाने. आईने घाईघाईने लुगडं बदललं. मी वेलदोडा खाल्ला. मामा आमच्या फाटकासमोर आले, हात जोडले, आणि पुढे चालत सुधाकरच्या घरात शिरले.

परतताना ते आईशी बोलायला थांबले. "वहिनी, राग मानू नका. पोट्टा तुमचा वाईट नाही. पण अनोळखी माणसापाशी एवढं बोलते, तं घरातलं काय घरात ठेवन? आमची कुंदा दोघांपुरतं बोलते. तिले ऐकणारा पाहिजे. थो दारात काठी घेऊन उभा होता ना पोट्टा, त्यानं इतक्या वेळात एक शब्द काढला नाही! मी म्हटलं, हाच."

एक शब्द कसा काढणार? त्या ठोंब्याला न्हाणीघरात काय चाललंय हेच कळलं नव्हतं! चोराला दुःख सांगायचं असतं हे त्याला माहीत असतं तर त्यानेही सांगितलं असतं. पण तो पडला गच्चीवरचा. सगळ्या गल्लीत ती मालिका न पाहिलेला एकच माणूस, आणि मुलगी त्याला! मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला, तर आई इतकी कडाडली की पुढच्या बुधवारी टीव्हीचं शटर उघडायची कोणाची हिंमत झाली नाही.

आणि ते चोरीचं गुंड? ते कल्हईवाल्याकडे होतं. काकूंनीच दिलं होतं आणि विसरल्या होत्या!

लग्न रामटेकला झालं. मी पंगतीत मठ्ठा वाढला. गुलाबमामांनी दोनदा मागून घेतला आणि दोन्ही वेळा माझ्या केसांकडे पाहिलं.

पुढच्या वर्षी आईने शब्द मोडून माझ्यासाठी आणखी एक स्थळ पाहिलं. या वेळी चौकशीला मुलीचा आतेभाऊ आला. गस्त केव्हाच मोडली होती, त्यामुळे तो निर्धास्तपणे रीतीप्रमाणे शेजारी गेला. शेजारी म्हणजे कुठे? सुधाकरकडे! सुधाकर "हाव" म्हणून गप्प बसला. मग कुंदावहिनी बाहेर आल्या. मी भिंतीआड उभा राहून ऐकत होतो. मामांनी त्यांना माझी जबानी शब्दन्‌शब्द सांगितली असणार, घोडीसकट.

"दिलीपभाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "सोन्यासारखा माणूस! नोकरी पक्की. सुपारीचं खांडही खात नाहीत. केस तर असे दाट, की न्हावी पळून जाते!"

माझं लग्न झालं. बायको चांगली मिळाली. तिला ती चौकशी अजून तोंडपाठ आहे आणि केसांचा मुद्दा आला की ती कोर्टात उभी असल्यासारखी माझ्याकडे बघते. ते मी सोसतो. पण वहिनींचं काय? त्यांनी बाकी कधी काही मागितलं नाही. फक्त दर उन्हाळ्यात, सकाळी भिंतीवरून डोकं काढून त्या गोड आवाजात विचारतात, "काय भाऊजी, मन हलकं करायचं आहे का?"

आणि मी निमूटपणे बादली उचलतो. त्यांच्या कूलरात पाणी अजून मीच भरतो.